फोन, ॲप आणि आपली माहिती : दुकानात रोज विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत विश्रामबागला माझं झेरॉक्स, प्रिंटआउट आणि मोबाइलच्या बारीकसारीक कामांचं दुकान आहे. दिवसात चारपाच जण तरी काउंटरवर हात टेकून हाच विषय काढतात, की आपली सगळी माहिती कंपन्यांकडं जाते म्हणतात ते खरं का. मागं लाइन असते, सगळं सांगणं होत नाही, म्हणून मला जेवढं पक्कं ठाऊक आहे तेवढं इथं लिहून काढतोय. वाचा, घरात वाचून दाखवा.

फोन आपलं बोलणं चोरून ऐकतो का? मी नुसतं बोललो आणि जाहिरात आली.

अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १७ हजारांहून जास्त अँड्रॉइड ॲप तपासली, गुपचूप माइक चालू करून आवाज बाहेर पाठवणारं एकही त्यांना सापडलं नाही. पण काही ॲप स्क्रीनचे फोटो, एखादं तर चक्क व्हिडिओ काढून दुसऱ्या कंपनीला पाठवत होतं हे मात्र सापडलं. म्हणजे लोकांचं सगळं लक्ष माइकवर, आणि माल दुसऱ्याच दारानं बाहेर चाललेला.

व्हॉइस असिस्टंटचं, म्हणजे हाक मारली की उत्तर देणाऱ्या सोयीचं, जरा वेगळं आहे. कुणी हाक मारली नसताना ॲपलच्या फोनमधली सिरी चालू झाली, बोलणं रेकॉर्ड झालं आणि तपासायला ठेवलेल्या माणसांनी ते ऐकलं हे २०१९ मध्ये बाहेर आलं, त्यावरच्या खटल्यात ॲपलनं ९.५ कोटी डॉलरची तडजोड केली, चूक मात्र मान्य केली नाही. असिस्टंट वापरत नसाल तर बंद करून ठेवा, एवढंच.

मग जाहिरात येते कशी? मागच्या दिवाळीत एक काकू आल्या, म्हणाल्या, 'मी फक्त जावेला म्हटलं की घरघंटी घ्यायची आहे, संध्याकाळी घरघंटीची जाहिरात हजर.' थोडं विचारल्यावर कळलं की जाऊ सणाला मुक्कामी होती, तिचा फोन ह्यांच्याच वायफायला जोडलेला होता आणि ती दोन दिवस फोनवर घरघंट्याच बघत होती. एका वायफायवरचे फोन एका घरातले धरायचे हे जाहिरातवाल्यांचं साधं गणित आहे, त्यासाठी कान लावायची गरजच पडत नाही. मला तर हे ऐकण्यापेक्षा जास्त भीतीचं वाटतं, कारण माइक बंद करता येतो, हे गणित बंद करायचं बटण कुठंच नाही.

ॲप फुकट, व्हिडिओ फुकट, मग कंपन्यांना पैसे मिळतात कुठनं?

आपल्या लिलावातनं. ज्यांच्या घरचे हळद नाहीतर गूळ घेऊन अडत बाजारात जायचे त्यांना हत्ता पद्धत सांगायला नको. रुमालाखाली दोघं एकमेकांची बोटं धरून भाव ठरवायचे आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा राहून नुसता रुमाल हलताना बघायचा. आपल्या मालाला भाव किती फुटला हे सगळ्यात शेवटी त्यालाच कळायचं. म्हणून तर उघड लिलावासाठी लोकांना भांडावं लागलं.

आता फोनवर तेच चाललंय, फक्त पोतं आपण आहोत. तुम्ही बातमीची लिंक दाबता, पान दिसायच्या आत, सेकंदही पुरा होत नाही तेवढ्यात, जाहिरातीच्या त्या रिकाम्या चौकोनासाठी बोली लागते. बोली लावणाऱ्यांना सांगितलं जातं की हा फोन अमुक मॉडेलचा, साधारण ह्या भागातला, हा त्याचा जाहिरातीचा नंबर, आणि हा आत्ता हे वाचतोय. सगळ्यात जास्त देणाऱ्याची जाहिरात आपल्याला दिसते. आणि ह्यातली सगळ्यात वाईट गोष्ट ही की जे बोली हरले त्यांनीही आपली माहिती बघितलेली असते. यार्डात निदान माल न घेणारा मूठभर हळद खिशात घालून जात नाही.

पैसा किती आहे म्हणाल तर फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप ज्यांचं आहे त्या मेटा कंपनीला २०२३ मध्ये साधारण १३,५०० कोटी डॉलर मिळाले, त्यातले जवळजवळ १३,२०० कोटी नुसत्या जाहिरातीचे. आणि माहिती बंद झाली तर किती झोंबतं तेही बघा. एप्रिल २०२१ पासून आयफोनवर प्रत्येक ॲपला 'तुमचा माग काढू का' असं विचारावं लागायला लागलं, लोकांनी धडाधड नाही म्हटलं, तर मेटानं स्वतः सांगितलं की २०२२ मध्ये ह्यानं साधारण १,००० कोटी डॉलरचा फटका बसेल. आपल्या एका 'नाही'ची किंमत ही अशी.

पण माझ्याकडं लपवण्यासारखं आहेच काय? 'आमचं काय ओ, म्हैस आणि ऊस.'

हे एका मामांचं वाक्य आहे, आणि असं म्हणणारी माणसं मला सगळ्यात जास्त भेटतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे तुमच्या फोनमध्ये तुम्ही एकटे नाही. मामांच्या फोनमध्ये तीनशेच्या वर नंबर होते, त्यात लेकीचा, जावयाचा, गावातल्या पोरीबाळींचा, नाव आणि गावासकट, 'सुनीता तासगाव डॉक्टर' असे. टॉर्चच्या एका ॲपला कॉन्टॅक्टची परवानगी दिलेली होती. टॉर्चला कॉन्टॅक्ट कशाला लागतात? मामांनी स्वतःचं काही दिलं नाही असं धरलं तरी तीनशे जणांचं देऊन टाकलं, त्यांना न विचारता.

दुसरं म्हणजे इथं गुपिताचा प्रश्नच नाही, नडीचा आहे. मिरज दवाखान्यांचं गाव, कर्नाटकातनं सुद्धा पेशंट येतात. समजा एखादा फोन दर मंगळवारी सकाळी तिथल्या ठरावीक दवाखान्यात तीन तास थांबतो, दुपारी मेडिकलमध्ये, रात्री उशिरा 'सोनं तारण व्याजदर' शोधतो. घरच्यांनी शेजाऱ्याला सुद्धा सांगितलेलं नसतं, पण घरात मोठं आजारपण आहे आणि पैशाची नड आहे हे ह्या चार खुणांवरनं कुणालाही सांगता येईल. आता त्याच माणसाला 'पाच मिनिटांत कर्ज' अशी जाहिरात दिसली तर ती नशिबानं दिसली असं मी तरी म्हणणार नाही. नडलेल्या माणसाला ओळखणं हाच तर सावकारीचा पाया.

आणि तिसरं, हा आपला हक्क आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग. के. एस. पुट्टस्वामी नावाचे निवृत्त न्यायमूर्ती आधारच्या विरोधात कोर्टात गेले होते, वयाची ऐंशी ओलांडल्यावर. त्या वयात माणूस स्वतःसाठी नाही भांडत.

कंपनीनं माझं काय काय साठवलंय ते मला बघता येतं का?

येतं, आणि एकदा बघाच. गूगलच्या खात्यात 'माय ॲक्टिव्हिटी' म्हणून पान आहे. तिथं काय शोधलं, कुठला व्हिडिओ किती वाजता बघितला, कुठलं ॲप कधी उघडलं, सगळं तारीखवार. मी एका कॉलेजच्या पोराला दाखवलं, रात्री २ वाजून १४ मिनिटांनी काय शोधलं होतं ते वर आलं आणि त्यानं फोन माझ्या हातातनं काढून घेतला. मी काही बोललो नाही, पण कळायचं ते त्याला कळलं. त्याच पानावर 'ऑटो डिलीट' आहे, ३ महिने निवडा म्हणजे जुनं आपोआप पुसलं जाईल.

लोकेशनबद्दल एक लक्षात ठेवा. २०१८ मध्ये असोसिएटेड प्रेस ह्या वृत्तसंस्थेनं दाखवून दिलं की 'लोकेशन हिस्टरी' बंद केली तरी 'वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी' ह्या दुसऱ्याच सेटिंगमधनं गूगल ठिकाणं साठवत होतं. ह्यावरनं अमेरिकेतल्या ४० राज्यांनी धरलं आणि २०२२ मध्ये गूगलला ३९.१५ कोटी डॉलर द्यावे लागले. म्हणून दोन्ही बंद करा ('लोकेशन हिस्टरी'चं नाव आता 'टाइमलाइन' आहे), एक करून भागत नाही.

इनकॉग्निटोमध्ये, म्हणजे फोनवर हिस्टरी न ठेवणाऱ्या खिडकीत उघडलं तर कुणाला कळत नाही ना?

घरातल्यांना कळत नाही. नेट देणाऱ्या कंपनीला आणि तुम्ही उघडता त्या वेबसाइटला कळतंच. ह्यावरनं गूगलवर २०२० मध्ये खटला झाला होता आणि तडजोडीत त्यांनी अब्जावधी नोंदी पुसायचं २०२४ मध्ये कबूल केलं.

व्हॉट्सॲपवरचं कुणी वाचतं का?

मेसेजचा मजकूर कंपनी वाचू शकत नाही, २०१६ पासून तो कुलूपबंद जातो, किल्ली पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या फोनमध्येच. पण पाकिटावरचं लिहिलेलं दिसतं ना, तसं आहे. कुणी कुणाला, कधी, किती वेळा, कुठल्या फोनवरनं, ग्रुपचं नाव काय, हे कंपनीपर्यंत जातं. रात्री अकरा वाजता वकिलाला वीस मेसेज गेले, मजकूर नाही कळला तरी काय कळायचं राहिलं?

दोन भोकं अजून आहेत. बॅकअपला वेगळं कुलूप स्वतः लावावं लागतं, 'चॅट बॅकअप' मध्ये जाऊन एन्क्रिप्शन चालू करा आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा, विसरलात तर परत मिळत नाही. आणि कुणी तुमचा मेसेज रिपोर्ट केला तर त्या चॅटमधले शेवटचे काही मेसेज कंपनीकडं जातात. जानेवारी २०२१ मध्ये 'नवीन अटी मान्य करा' असा मेसेज सगळ्यांना आलेला आठवत असेल, आपली माहिती मेटाच्या बाकीच्या कंपन्यांनाही द्यायच्या त्या अटी होत्या, त्या प्रकरणात आपल्या स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटी रुपये दंड ठोठावला. ज्यांना हे नको त्यांनी सिग्नल नावाचं दुसरं मेसेजचं ॲप वापरा, पण नातेवाईक तिकडं येत नाहीत ही अडचण खरी आहे, माझ्याही घरी तेच.

कर्जाच्या ॲपला परमिशन दिली, आता काय?

ह्याबद्दल लिहिताना मला अजून त्रास होतो. एक पोरगा, वीसबावीसचा, दुकानात आला, हात थरथरत होते. कुठल्याशा ॲपवरनं पाच हजार घेतले होते, हप्ता चुकला, तर ॲपवाल्यांनी त्याच्या फोनमधल्या नंबरांवर फोन लावले. मामाला, शेतमालकाला, शाळेतल्या बाईंना. सगळ्यांना एकच, हा चोर आहे. बाईंनी उलट फोन करून त्याला विचारलं, 'बाळा, पैसे हवे होते तर मला का नाही सांगितलंस?' हे सांगताना तो रडायला लागला. मी शटर अर्धं खाली ओढलं आणि आम्ही बसलो.

तर ऐका. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्येच नियम केलाय की कर्जाच्या ॲपनं फोनमधले कॉन्टॅक्ट, फोटो, कॉलची यादी ह्याला हात लावायचा नाही. कॅमेरा, माइक, लोकेशन लागलं तर केवायसीपुरतं एकदाच, ते पण विचारून. म्हणजे जे ॲप कॉन्टॅक्ट मागतं ते तिथंच नियम मोडतंय, पुढचं काही बघायची गरज नाही, काढून टाका. आधीच अडकला असाल तर धमकीचे मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट काढा, १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा नाहीतर जवळच्या पोलीस ठाण्यात जा. आणि कृपा करून घरच्यांना सांगा. त्या पोराचं निम्मं ओझं आईला सांगितल्यावरच उतरलं.

बाकी ॲपचं पण असंच. सेटिंग्जमध्ये 'परमिशन मॅनेजर' उघडा, कॉन्टॅक्ट, माइक, लोकेशन एकेक दाबा आणि यादी बघा. नकाशाला लोकेशन लागतं, पत्त्यांच्या गेमला लागत नाही. एवढी साधी अक्कल वापरली तरी निम्मी यादी कमी होते.

मॉलमध्ये, कपड्याच्या दुकानात बिल करताना मोबाइल नंबर मागतात, द्यायलाच लागतो का?

नाही. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं दुकानदारांना स्पष्ट सांगितलंय की नंबरसाठी अडवणूक करू नका. शांतपणे 'नंबर नको, कागदी बिल द्या' म्हणा. काउंटरवरच्या पोरीवर ओरडू नका, तिला वरनं सांगितलेलं असतं. नंबर हा सगळ्यात धोक्याचा कारण तो आपण बदलत नाही, दहा ठिकाणची माहिती त्या एकाच दोऱ्यानं ओवता येते.

आधारची झेरॉक्स देताना काय करावं?

मास्क्ड आधार द्या. आधारच्या वेबसाइटवरनं डाउनलोड करताना 'मास्क्ड' वर टिक केली की पहिले आठ आकडे झाकलेले येतात, शेवटचे चारच दिसतात. लॉजला, भाडेकराराच्या एजंटला, असल्या बऱ्याच ठिकाणी ते चालतं, घेणाऱ्याला ठाऊक नसतं एवढंच. आधारच्याच एमआधार ॲपमधनं बोटांचे ठसे लॉक करून ठेवता येतात, अंगठा लावायचा असेल तेव्हा तेवढ्यापुरतं उघडायचं. आणि आपल्या नावावर किती सिम आहेत ते सरकारच्या संचार साथी ह्या वेबसाइटवर बघा, अनोळखी नंबर निघाला तर तिथंच 'हा माझा नाही' म्हणून कळवता येतं.

अजून एक. आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो, नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. ज्याला तुमचं नाव आणि वय माहीत आहे त्याला तो पाठच आहे, म्हणून 'पासवर्ड आहे की' ह्या भरवशावर फाइल कुठंही पाठवू नका.

ह्याला काही कायदा आहे का आपल्याकडं?

आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, ऑगस्ट २०२३ चा. माहिती कशासाठी हवी ते कंपनीनं सोप्या भाषेत सांगायचं, तेवढ्यापुरतीच घ्यायची, काम झालं की पुसायची, दिलेली संमती आपण कधीही मागं घेऊ शकतो. ती सूचना घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत मागता येते, म्हणजे मराठीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण वीस पानी इंग्रजी वाचून कुणी 'आय ॲग्री' दाबत नाही. अठराच्या आतल्या मुलांसाठी आईवडिलांची संमती लागणार. माहिती नीट सांभाळली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड.

पण घाई करू नका. नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना तिथनं पुढं १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे २०२७ चा मे उजाडेल. शिवाय सरकारी खात्यांना देशाची सुरक्षा वगैरे कारणांनी मोठी सूट ठेवलीय, ती मला पटत नाही. कंपनीला लावलेला नियम सरकारी ऑफिसला का नको? आपली सगळ्यात जास्त कागदपत्रं तर तिथंच आहेत.

मला वेळ नाही, आज एकच गोष्ट सांगा.

अँड्रॉइड असेल तर सेटिंग्जमध्ये 'ॲड्स' शोधा आणि 'डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी' दाबा. लिलावात तुमच्या पोत्यावर जो नंबर चिकटवलेला असतो तोच हा. जाहिराती बंद होणार नाहीत, पण वेगवेगळ्या ॲपनी एकमेकांशी तुमच्या खुणा जुळवणं अवघड होईल. एक मिनिटाचं काम आहे, जमलं नाही तर दुकानात या, पैसे घेत नाही.

जुना फोन विकायचाय, नुसते फोटो डिलीट केले तर चालेल का?

नाही. आधी खातं काढा, मग फॅक्टरी रीसेट, मग सिम आणि मेमरी कार्ड काढलंय का ते डोळ्यांनी बघा. मेमरी कार्ड सगळे विसरतात.

आणि तुमचं काय? आम्ही प्रिंटसाठी पाठवलेली आधारची फाइल तुमच्या दुकानात अजून असेल ना?

हा प्रश्न एका शाळेतल्या बाईंनी विचारला आणि त्या दिवसापासनं मी हे सगळं वाचायला लागलो. त्यांनी विचारलं तेव्हा मी 'नाही ओ' म्हणालो. रात्री शटर लावल्यावर दुकानातल्या कॉम्प्युटरचा डाउनलोडचा फोल्डर उघडला. खाली सरकवत गेलो तर संपेचना. आधार, पॅन, सातबारा, बँकेची पासबुकं, पोरांच्या मार्कलिस्ट, मिरजेच्या दवाखान्यांचे रिपोर्ट, एका लग्नाळू मुलीचा बायोडाटा फोटोसकट. चार वर्षांचं. मी कुणाचं काही चोरलं नव्हतं, कुणाला विकलं नव्हतं, फक्त पुसलं नव्हतं. पण ते मशीन उद्या दुरुस्तीला गेलं असतं नाहीतर चोरीला गेलं असतं तर ही सगळी घरं उघडी पडली असती, आणि त्यांना पत्ताही लागला नसता. एका टेबलावरच्या मशीनचं हे, मग त्या मोठ्या कंपन्यांकडं काय असेल ते तुम्हीच बघा.

त्याच रात्री सगळं पुसलं, रिसायकल बिन सुद्धा. आता रोज दुकान बंद करताना फोल्डर आणि दुकानाच्या व्हॉट्सॲपवरच्या फाइली रिकाम्या करतो. तुमची प्रिंट निघाली की स्क्रीन तुमच्याकडं फिरवतो, डिलीटचं बटण तुम्ही दाबा. खराब निघालेली झेरॉक्स टोपलीत टाकत नाही, तुमच्याच हातात देतो, घरी नेऊन फाडा. आणि दुसऱ्या कुठल्या दुकानात गेलात तरी तिथं हेच मागा, दुकानदाराला राग आला तरी मागा.